मधला पत्रा

भार सत्तर टक्क्यांवर गेला की
अवधानच्या आमच्या कारखान्यात
हवा तापवणारं यंत्र हंबरायचं.
एकच सूर, जाड, श्वास न घेणारा.
कंट्रोल रूममधल्या चहात गोल रेघा उठायच्या,
कुंपणापलीकडे मांडणीवरची ताटं
आपसांत किणकिणायची.
तिथली एक बाई गेटवर येऊन म्हणाली,
"पोऱ्या झोपी जास, माले झोप लागत नही."

मी गणित करून आणलं होतं:
नळीमागे वाऱ्याचे भोवरे सुटतात,
एक डावा, एक उजवा,
आणि दोन भिंतींमधली हवा त्याच ठेक्यात झुलते.
झोका परत आला की नेमका धक्का,
पुन्हा धक्का.

हिलालआप्पाने कागद पाहिला नाही.
लांब पेचकस काढला,
टोक यंत्राच्या माथ्याला टेकवलं
आणि मूठ धरली दातांत.
कानाशी नाही, दातांत.
डोळे मिटून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
वीतवीत सरकत गेला.
"कडले जोर. मझार काहीच नही."

जिथे काहीच नाही, तिथेच पत्रा घालायचा
असं माझं गणितही म्हणत होतं.

वैशाखात यंत्र थंड केलं,
थंड म्हणजे बाहेरच्या धुळ्याइतकं.
ओला रुमाल डोक्याला बांधून आत सरपटलो.
आधाराच्या भोकांत घासून घासून
नळ्यांवर चांदीची वलयं पडली होती,
नव्या नवरीच्या जोडव्यांसारखी झगझगीत.
बोट लावलं तर कडा कळत होती.
तिघींची तोंडं बुजवली.
मग उभा पत्रा, वाऱ्याच्या वाटेला समांतर,
मधोमध.
तो वारा अडवत नाही, ऊष्माही नाही.
फक्त झोक्याला आता अर्धंच अंगण,
आणि भोवऱ्यांचा ठेका जुनाच.

साठ. सत्तर.
पंच्याहत्तरवर मी श्वास धरला.
ऐंशी.
चहा सपाट. त्यावर साय धरली.
कुठेतरी पंप चालल्याचं
मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

हिलालआप्पा माझ्या ओठांकडे बघत होता.
"बंद व्हयनं का?"

एकतीस वर्षं या सुराशेजारी.
हा सूर कानांनी त्याला
कधीचाच ऐकू येत नव्हता.

मी मान हलवली.
तरी त्याने पेचकस दातांत धरला
आणि उभा राहिला बराच वेळ,
ड्यूटीचा भोंगा होऊन गेला तरी.