बिऱ्हाडी

अजून दोन कोटी वर्षं तरी जन्मणार नाही ती.
वहीत मात्र आहे, चिंबईच्या खडकावर,
ओहोटीला एक झाकण किलकिलं करून
हवा चाखत बसलेली.

शिवळीची खापरपणती. पाय एकच,
म्हणून चालत नाही, स्वतःला ढकलते
टेट्रापॉडच्या फटीतून वर.
(टेट्रापॉड तेव्हा नसतील. खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.)
एका कल्ल्याचं फुफ्फुस झालंय.
कवचात एक खण,
त्यात घोटभर समुद्र,
तीन दिवस पुरेल इतका.

दामोदरीबाय जाळं सांधता सांधता डोकावली.
"शिवली हाय?"
"पुढची. जमिनीवर येणारी."
"उकडल्यावर तोंड उघडते ना?"
याचा मी विचारच केला नव्हता.
"आन् पोरं कुठं टाकते?"
"पाण्यातच. त्यासाठी परत जावं लागतं तिला."
"मंग भायेर आलीच कशाला?"

वारा सुटला होता. पानं फडफडत होती.
तिनं टोपलीतली एक जिवंत शिवळी
उचलून वहीवर ठेवली.

कागद भिजला. शाई फुटली,
कवचातला खण रेघेबाहेर पसरला.

आता दीड घोट मावेल.