पिवळा की निळा

एलादियोकाका स्टोव्ह दुरुस्त करायचे,
पायसांदूला, नदीच्या अंगाला,
टायरवाल्याशेजारच्या चिंचोळ्या खोलीत.
गॅस आला, गिऱ्हाइकं गेली,
तेव्हा एकसष्टाव्या वर्षी कुणाला न विचारता
त्यांनी एक वेबपेज बनवलं.
पिवळ्यावर निळी अक्षरं,
कोपऱ्यात सारखी लुकलुकणारी ज्योत,
आणि मधेच, काही कारण नसताना,
पुल्गा नावाच्या कुत्रीचा फोटो.

तिथं पोचायला वाट वाकडी करावी लागायची.
सर्च केलं की आधी स्टोव्ह विकणारे भेटायचे,
मग तंबू विकणारे,
मग एक लिंक, दार वाजवावं तर आत कुणीच नाही,
मग ब्राझीलच्या हद्दीवरची एक बाई,
प्रायमसवर पेरूचा जाम आटवणारी;
आपण आलो कशाला ते विसरून
दहा मिनिटं तिचा जामच ढवळत बसायचो.
दुसऱ्या पानाच्या तळाशी काका.

पेजखाली आकडा होता, किती जण येऊन गेले त्याचा,
शेजारी देशांचे इवले झेंडे.
येर्बाचा पहिला घोट घेत काका तो रोज बघायचे,
लोक पेपरात हवामान बघतात तसा.
"काल तिघं," फोनवर सांगायचे,
"एक तर फिनलंडचा.
एवढ्या थंडीत बिचाऱ्याचा पेटत नसेल."

या जुलैत दोन दिवस वीज नव्हती.
माँटेव्हिडिओत चौथ्या मजल्यावर मी,
माळ्यावरून उतरवलेला काकांचाच जुना स्टोव्ह,
आणि फोनमध्ये तेरा टक्के.
हिंडायला वेळ कुणाला?
सरळ एआयला विचारलं.
उत्तर आलं. एकच.
ना तंबू, ना पेरू.
"आधी पिन मारा. वाटीत स्पिरिट पेटवा.
मग घाई नको. रस्सा निवायची वाट बघतो,
तशी वाट बघा."

रस्सा?

या वाक्याच्या बाहीला रॉकेलचा वास होता.
स्टोव्हची आणि रश्श्याची अशी गाठ घालणारा
मला तरी एकच माणूस माहीत आहे.
पण खाली नाव ना गाव.
लग्नातलं जेवण कुणी डब्यात आणून द्यावं
आणि लग्न कुणाचं, ते सांगूच नये.

त्यापुढे आणखी एक ओळ होती:
"ज्योत पिवळी दिसली तर पंप वाढवा."
त्याच सुरात. तेवढ्याच ठाम.

ही काकांची नव्हती.
काकांनी तिथं लाल, ठळक अक्षरांत लिहिलं होतं:
पिवळी दिसली की आधी हवा सोडा,
पटत नसेल तर माझी डावी भुवई बघा.
आणि खाली खरंच भुवईचा फोटो होता,
म्हणजे ती जिथं असायला हवी
त्या जागेचा.

खोटं कशाला बोलू, स्टोव्ह पेटला.
जुन्या रस्त्यानं गेले असते
तर पेरूपाशीच फोन मान टाकता.
ज्योत पिवळी झाली, भडकली.
हात पंपाकडे गेला होता.
भुवई आठवली. हवा सोडली.

वीज आली त्या रात्री मी मुद्दाम शोधत गेले.
काका आता दुसऱ्या पानावर नव्हते, पाचव्यावरही नव्हते.
जामवाली बाई तर कुठंच दिसली नाही.
अकराव्या पानावर ज्योत लुकलुकत होती.
आकडा नऊ हजार एकशे चार;
माझ्या देखत पाच झाला.

सकाळी त्यांचाच फोन.
"मार्चपासून अडकला होता, मला वाटलं बिघडला.
काल कुणीतरी आलं. आपल्याच देशातलं.
पेटला असेल का गं त्याचा?"
"पेटला," मी म्हणाले.
पलीकडे थोडा वेळ नुसता नळीतून येर्बा ओढल्याचा आवाज.
मग, दुकानात गिऱ्हाइकाला विचारायचे तसं,
"पिवळा की निळा?"