दोन भोकं

होडीच्या मागच्या फळीला दोन भोकं असतात,
मुद्दाम पाडलेली.
लाट आत पडली की पाणी मागे धावतं
आणि आलं तसं निघून जातं,
होडी हलकी असेपर्यंत.

ओली जाळी चढली, बर्फाची पेटी चढली,
रोहिदास मोटरीपाशी बसला
की तीच भोकं चार बोटं खाली जातात
आणि समुद्र त्याच वाटेने वर येतो,
चपला न काढता घरात शिरणाऱ्या माणसासारखा.

बाबांचा दट्ट्या होता, बाभळीचा,
त्याला जुन्या लुंगीची चिंधी.
ठोकायचा. काढायचा. पुन्हा ठोकायचा.
पौषातल्या उधाणाच्या रात्री तो कुणीतरी ठोकला नाही.
सकाळी माहूलच्या खाडीत
‘हिंगळाई’ची फक्त नाळ वर,
आणि पाण्याखाली मोटर, जिचे अकरा हप्ते बाकी.
कुणी काढला दट्ट्या, हे घरात कुणी विचारलं नाही.
जवळ्याची चटणी त्या दिवशी सगळ्यांनी
खाली बघून खाल्ली.

नागदेवी स्ट्रीटवर मुर्तझाभाईंनी
काउंटरवर तीन वस्तू मांडल्या.
पितळी झडप, बिजागरीची,
हलवली तर देवघरातल्या घंटेसारखी वाजली.
दुसरा पिंजरा, आत चेंडू:
पाणी चढलं की चेंडू तरंगत वर येतो आणि तोंड बंद.
बाराशे रुपये. मी त्यात फुंकर मारून बघितली,
चेंडू नाचला, मी लहान झाले.
तिसरी काळी रबराची जीभ, प्लॅस्टिकच्या चौकटीत.
एकशे ऐंशी.

“भोक किती?”
माप विसरले होते.
दोन बोटं जोडून दाखवली, आणि वर थोडी जागा.
ते हसले नाहीत. माझ्या बोटांना व्हर्निअर लावला,
त्या थोड्या जागेसाठी माझ्याकडे बघितलं,
आणि म्हणाले, “अडतीस.”

पैसे देता देता मला सुकती आठवली.
दिवसातून दोनदा आपली होडी चिखलात बसते,
पोटापर्यंत, निवट्या तिच्या सावलीत चालतात.
तो चिखल पिंजऱ्यात शिरणार,
चेंडू अर्ध्यावर अडकणार,
ना आत ना बाहेर.
समुद्र स्वच्छ असलेल्या गावांसाठी असेल तो चेंडू.
जीभ घेतली. दोन लावायला, दोन ठेवायला.
स्क्रू घेताना चुंबक लावून बघितलं:
जे चिकटले ते परत केले.

चौघांनी ओढून होडी भरतीच्या रेषेवर घेतली,
कारण चिकटवणाऱ्या लुगदीला एक दिवस लागतो
आणि खाडी सहा तासही देत नाही.
जुनी शेवाळ खरवडली, घासलं, फडक्याने पुसलं.
पहिली चौकट मी उलटी धरली.
बाबा टॉर्च घेऊन मागे उभे.
“जीब कई वरशी असतं गो?”
फिरवली. बिजागरी वर, जीभ खाली.

पहिला स्क्रू. दुसरा. तिसरा.
पांढरी लुगदी कडेने बाहेर यायला लागली.
“येवढा आवळू नको.
सगला भायेर येतंय, आत काय ऱ्हाईल?”

हात थांबला.
होडी धुताना मीच काढला होता, म्हणाले,
त्या रात्री. दट्ट्या.
टॉर्च हलला नाही.
“ठावं हाय मना,” बाबा म्हणाले.
“चवथा घे. हलक्या हातान.”

दुसऱ्या दिवशी बादली.
आतून ओतली: जीभ उचलली गेली,
पाणी वाळूत.
बाहेरून रोहिदासने पाइपचा जोर लावला:
जीभ चिकटून बसली.
तरी खालच्या कोपऱ्यातून एक थेंब आला आत,
थांबला, मोठा झाला, ओघळला.
आम्ही तिघं वाकून बघत राहिलो.
“थोडा येनारच,” बाबा म्हणाले,
आणि खिशातून दट्ट्या काढून
सुतळीने मोटरीशेजारी बांधला.
चिंधी नवी होती.
माझ्या जुन्या ओढणीची.