गवसणी

वृषालीची टू-टू रायफल, आणि माझा हट्ट:
चामड्याची गवसणी मीच शिवणार.
सुभाषनगरात तीस वर्षं चपला बांधल्या,
ही लांबट जिन्नस काय अवघड?

"आबा, विमानात चालत नाही ते.
कडक पेटी लागते, दोन कुलपांची, गोळ्या वेगळ्या.
आणि चामडं ओल धरतं,
नळीला गंज चढतो."

चामड्याची ओल
मला शिकवतीया.

लक्ष्मीपुरीत काळी पेटी उघडली:
आत राखाडी फोम, कोरा.
दुकानदार म्हणाला, आकार तुमचा तुम्ही कापायचा.

रात्री रापीला धार लावली.
ती खडूनं रेघ ओढत गेली, मी मागनं.
घोड्यापाशी हात हलका.
दस्त्यावर जिथं तिचा गाल टेकतो
तिथं उगीचच जरा थांबलो.
फोमला वास नव्हता कसलाच.

सकाळी रायफल निजवली. बसली.
मूठ तेवढी प्लास्टिकची, बोटांना कापणारी.
तिच्यावर बकऱ्याच्या कातड्याची पट्टी,
नऊ टाके, मेणाचा दोरा.

स्टँडवर गाडी लागली तेव्हा
तिनं पेटी उचलली, न बघता,
आणि हात बदलला नाही.