अंगी लागणं

नेआफूच्या शाळेत दर गुरुवारी मी काटा मांडते.
गुरुवारीच राजधानीची बोटही लागते,
पिठाची पोती, नूडल्सची खोकी
आणि गोठवलेल्या मेंढीच्या चरबट बरगड्या घेऊन.
जिथे मेंढ्या पाळतात तिथे म्हणे या फारसं कोणी खात नाही.
धक्क्यावर आधी त्यांचं वजन होतं.
मग इथे मुलांचं.

फिलिमोने, वय चौदा.
काट्यावर चढण्याआधी खिसे रिकामे करतो:
दोन नाणी, सायकलची किल्ली,
बुचात खोचलेला मासेमारीचा गळ,
नूडल्सच्या मसाल्याची फाटकी पुडी.
मग बूट. मग जरा विचार करून मोजे.
शेवटी श्वासही सोडून देतो सगळा,
जणू तोही कोणी त्याच्या नावावर मांडेल.

काटा थरथरतो. थांबतो.
मी आकडा मोठ्यानं वाचत नाही.
रांगेतलं कोणीतरी वाचतंच.

त्याच्या मागे सेमिसी, दत्तक आलेला भाऊ.
दोघं एकाच पातेल्यातलं खातात:
डब्यातलं खारं गोमांस, पांढरा पाव, पाकासारखा चहा,
रविवारी चर्चनंतर भुईतल्या भट्टीतून काढलेले
अळूच्या पानांचे पुडे, नारळाच्या दुधात निथळणारे.
सेमिसी म्हणजे शेवग्याची शेंग.
आई म्हणते, याच्या मेल्याच्या अंगीच लागत नाही,
आणि त्याच्या नुसतं पाणी प्यायला तरी लागतं.
वहीत मी दोन आकडे लिहिते, एकाखाली एक.

ऑकलंडहून आलेला डॉक्टर म्हणाला होता,
रक्तात कोणी कोठारवाला बसलेला असावा.
खात्री नाही, असंही म्हणाला,
आणि मला त्याचं तेवढंच बोलणं पुरतं पटलं.
तर तो कोठारवाला अजून होडीतच आहे.
जमीन दिसत नाही, नजर ताऱ्यांवर,
घास आला की अर्धा बाजूला काढतो,
गाठीला बांधतो:
कमरेला, पोटाला, हनुवटीखाली.
किनारा लागला हे त्याला कोणी सांगितलंच नाही,
की किनाऱ्यावर दुकान आहे,
की दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं.

पण सगळं त्याच्या माथी मारू नका.
फिलिमोनेचा बाप पहाटे लाल मासा धरतो
आणि हॉटेलला विकतो.
त्या पैशात बरगड्या येतात, सहाजणांना पुरून उरतात.
मासा दोघांना पुरला असता.
हिशेब चुकलेला नाही त्याचा.
मी दोनदा करून पाहिला.

जुलैत देवमाशांच्या माद्या बंदराबाहेर येतात, बाळंतपणाला.
दक्षिणेच्या थंड पाण्यात पोटभर खाऊन आलेल्या,
इथे घासही न घेता
साठवलेल्या चरबीवर पिल्लं पाजतात.
परदेशी लोक पैसे मोजून बघायला जातात,
होडीतून ओरडतात: बापरे, केवढी!
शाळेच्या व्हरांड्यात
तोच शब्द ढेकळासारखा पाठीत बसतो.

बुटाची नाडी बांधताना,
वाकल्यानं जरा धापत, फिलिमोने विचारतो:
"सिस्टर, यातलं माझं किती?"

मी काट्याकडे बघते.
काट्याला एकच आकडा येतो.
बापाचं इतकं, बोटीचं इतकं,
होडीतल्या त्या म्हाताऱ्याचं इतकं
अशी फोड करून देत नाही तो.
"मसाल्याची पुडी तेवढी तुझी," मी म्हणते.
तो हसतो. पुडी उचलतो,
कोपऱ्यात उरलेली पूड तळहातावर झटकतो,
माझ्याकडे बघतो,
आणि चाटतो.

घंटा होते. सगळे पळतात.
टेबलावर त्याचा गळ राहून गेलेला,
पहाटे लागेल त्याला, बापाबरोबर जातो तो.
बुचासकट मी तो काट्यावर ठेवून पाहिला.
काटा हलला नाही.