वाचून दाखवला, समजला

बावीस वर्षं कोर्टाच्या कुंपणाला पाठ टेकून बसलो.
सीबीएसकडून येणारी गर्दी डाव्या हाताला,
चहाचं पातेलं उजव्या,
पुढ्यात गोदरेजचं मशीन.
त्यातला 'क्ष' मोडका, लंगडतच उमटायचा:
पक्षकार, साक्षीदार, शिक्षा,
सगळे जरा तिरके.

पानाला तीस रुपये.
शेवटची ओळ बोटं न बघता टाकायची:
वरील मजकूर मला वाचून दाखवला,
तो मला समजला, तो खरा आहे.
कुणी दाखवला वाचून?
मी तर कधीच नाही.
वकील घाईत, आत पुकारा झालेला,
शाईचं पॅड सरकवायचं, अंगठा धरायचा,
टेकवायचा.
पुढचा.

मग एक दिवस रेहाना पिंजारी आली.
काळा कोट उन्हानं विटलेला,
भाजीच्या पिशवीत फायली.
"काका, हा कागद तुमचाच ना?"
तिरका क्ष मी लगेच ओळखला.

देवाजी भोये, वय एकोणीस, सुरगाण्याकडचा.
सातपूरला कारखान्यामागं तांब्याची तार सापडली
आणि तारेपाशी हा.
माझ्या अक्षरात त्याचा जामीनअर्ज:
अर्जदाराने केवळ अज्ञानापोटी तार उचलली,
सबब दया व्हावी.
दया झाली नाही.
त्यानंच तर कबूल केलेलं,
खाली अंगठा होता, समजल्याचा.
तेव्हापासून चौदा महिने.

"वकिलांनी सांगितलं तसं मी..."
"मी कुठं काय म्हटलं, काका?"

त्यांची संस्था म्हणजे द्वारकाजवळ
टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या.
भिंतीवर तक्ता: नाव, कलम, आत किती दिवस.
शेवटचा रकाना, भेटायला कोण येतं.
बहुतेकांपुढे नुसती रेघ.

गुरुवारी तिच्यासोबत नाशिकरोडला गेलो, जेलात.
शेडमध्ये कच्चे गणपती वाळत होते,
रंग नाही, डोळे नाहीत.
त्यांची सुटकेची तारीख तरी ठरलेली,
चतुर्थी.

मी नवा अर्ज वाचू लागलो.
देवाजी प्रत्येक वाक्याला मान हलवायचा.
थोरांपुढे मान हलवणं हे त्याच्या घरचं वळण,
ते आम्ही होकार म्हणून टाइप करत आलो.
रेहाना म्हणाली, मान नको, तोंडानं सांग.
पुन्हा पहिल्यापासून.
ओळीखाली बोट ठेवून, सावकाश,
जसं मी माझ्या पोरीलाही कधी वाचून दाखवलं नाही.
चौथ्या ओळीला तो म्हणाला, "नाय."
इतकं हळू, जणू माझंच काही फुटलं त्याच्या हातून.
"तार नाय बघितली. तठं नळ व्हता.
पानी प्यालो."

चौदा महिने, तीन वकील,
आणि नळ कागदावर पहिल्यांदा आला.

जामीन अजून व्हायचाय.
झाला तरी जामीनदार लागेल,
जामीनदाराला सातबारा लागेल.
त्याच्या आईकडे वनपट्ट्याच्या दाव्याची पोच आहे फक्त,
प्रांत कचेरीचा शिक्का, साल पुसट.
रेहाना म्हणते, बघू.
हे 'बघू' ती रोज पाच-सहा वेळा म्हणते,
आणि खरंच बघते.

रात्री मशीनवर नळ टाइप केला.
शेवटच्या ओळीपाशी बोटं सवयीनं धावली,
वरील मजकूर...
मी हात उचलले.
ती जागा कोरी ठेवलीय,
गुरुवारपर्यंत.