आधी आकडा

मिहानच्या चौथ्या मजल्यावर मी दिवसभर
दोन कोअरांचं भांडण ऐकते.
पहिला म्हणतो, आकडा लिहिला, मगच झेंडी वर केली.
दुसरा म्हणतो, झेंडी दिसली, आकडा जुनाच होता.
दोघांच्याही नोंदी तपासल्या.
दोघंही खरं बोलतात.

मधे एक खिसा असतो छोटा.
लिहिलेलं आधी त्यात पडतं.
त्यातून काय आधी बाहेर निघेल, कुणी सांगावं;
लिहिणाऱ्याला मात्र तेव्हाच वाटतं,
झालं.

मंगळवारी हेमराज मेडिकलच्या ओपीडीतून निघाला.
डॉक्टरांनी आईचं इन्सुलिन बारावरून आठ केलेलं.
त्यानं रजनी वहिनीला फोन केला, फ्रिजवर लिहून ठेव,
आणि लगेच मला मेसेज :
"झालं वं ताई काम. नवीन डोस फ्रिजवर हाय."

वहिनी तेव्हा सक्करदऱ्याला, आंब्यांचा भाव करत.

मी नंदनवनला पोचले, फ्रिज पाहिला,
चुंबकाखाली ठळक, निळ्या शाईत : १२.
पेनची चकती फिरवली. टक, टक,
बारा वेळा.

रात्री तीनला
कूलरच्या ऐन झोतात आईला घाम.
मला म्हणाली, "तू कोणाची वं पोरगी?"
मशीनवर एक्केचाळीस.
साखरेचं पाणी, चमचा दातांवर वाजत होता,
अर्धं माझ्या मनगटावरून ओघळलं.

सकाळी हेमराज म्हणाला, "म्या तं सांगतलं होतं."
मी म्हटलं, मी तर वाचलं होतं.
आई पोहे मागत होती, तर्री जास्त टाकून.

ऑफिसात यावर उपाय आहे :
मधे एक कुंपण घालायचं.
खिसा रिकामा होईस्तोवर झेंडीला हात लावायचा नाही.
वेग जातो. जाऊ द्यावा.

त्या दिवशी मी एकेकाला फोन लावला.
कामठीची कांता, तिच्या डायरीतलं बारा.
भाच्याच्या मोबाईलमधलं बारा.
कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या सोनकुसरेंच्या वहीतलं.
खोडा म्हटलं. आणि "खोडलं" ऐकल्याशिवाय
फोन ठेवला नाही.
मग वहिनीनं नवीन कागदावर आठ लिहिलं,
मोठं, जरा तिरकं.

सगळीकडून गेलं बारा.
फक्त रोज संध्याकाळी
माझा अंगठा अजून त्याच्यापर्यंत जातो,
थांबतो,
आणि चार टक टक मागे येतो.